शिवार क्रमांक दोन

२१ एप्रिल २०२५, सोमवार

आले एकदाची हिवरखेडला. सकाळी सहाच्या एसटीनं अमरावती सोडली, अंजनगाव सुर्जीला चहा झाला, अकोटला गाडी बदलली आणि अकराच्या आत मी दोन बॅगा आणि आईनं दिलेला लोणच्याचा डबा घेऊन स्टँडवर उभी होते. डब्याचं झाकण सैल होतं. एका बॅगेला आता पुढची दोन वर्षं कैरीचा वास येणार.

न्यायला नितेश आला होता. तो इथल्या शेतावरचं काम बघतो, मूळचा अकोल्याचा, बोलतो कमी आणि मोटारसायकल जोरात चालवतो. मी संगणकावरचं काम बघणार. आमची संस्था अकोल्यात आहे, तिथून ज्योत्स्ना मॅडम फोनवर हुकूम सोडतात. काम काय, तर जमिनीतली ओल मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धती तपासायच्या आणि कोणती किती खरं बोलते ते सांगायचं. एम.एस्सी. झाल्यावर दीड वर्ष मी राजापेठेत दहावीच्या शिकवण्या घेतल्या. त्यामानानं माती फार शांत असते, उलट प्रश्न विचारत नाही.

ऑफिस म्हणजे खुशालरावांच्या नव्या घराचा वरचा मजला. खाली ते आणि कौशल्याकाकू राहतात, अंगणापलीकडची खोली मला दिली आहे. ज्या शिवारात आम्ही मोजणी करतो तेही बरंचसं त्यांचंच. खुशालराव साठीचे, हसतमुख, कायम पांढऱ्या बंडीत. कूलरमध्ये पाणी कुठून भरायचं ते त्यांनी स्वतः दाखवलं. काकूंनी चून-भाकर वाढली आणि आडनाव विचारलं. गवई, म्हणाले. त्या जरा थांबल्या, मग आणखी एक भाकर वाढली. तो थांबा मी मोजला, पण भाकर खाल्ली. चून छान होतं.

२४ एप्रिल, गुरुवार

आईला फोनवर माझं काम समजावताना घाम फुटला, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

शेतात किती ओल आहे हे सांगण्याच्या दहा पद्धती आहेत, आणि प्रत्येक पद्धतवाला आपलाच आकडा खरा म्हणतो. हे भांडण खऱ्या शेतात मिटत नाही, कारण खरा आकडा कोणालाच माहीत नसतो. तो हवा असेल तर सगळं शेत उकरून भट्टीत वाळवावं लागेल. म्हणून मी संगणकात एक शेत तयार करते. उंचसखलपणा खऱ्या शिवाराचाच, पण त्यातला प्रत्येक चौकोन किती ओला हे मी ठरवते. म्हणजे बरोबर उत्तर आधीच माझ्या खिशात. मग त्या शेतावर सगळ्या पद्धती चालवून बघायच्या आणि कोण किती चुकतं ते लिहायचं.

बाहेरच्या खऱ्या शिवाराला मी क्रमांक एक म्हणते, माझ्या शिवाराला क्रमांक दोन. दोन जास्त शहाणं आहे. त्यात मी म्हणेन तेव्हा ऊन पडतं.

एक नंबरच्या शिवारात चाळीस ठिकाणी झेंडी लावलेल्या खुणा आहेत. रोज सकाळी नितेश आणि शेतावरचे गडी नत्थुजी तिथे जातात. नितेश सळईसारखं यंत्र खुपसून आकडा वहीत लिहितो आणि नत्थुजी गिरमिटानं माती काढून डबीत भरतात. ती डबी आम्ही तोलतो, चोवीस तास भट्टीत वाळवतो आणि पुन्हा तोलतो. नत्थुजी पासष्टीचे असतील. माती चिमटीत धरून ओल सांगतात आणि भट्टीशी फरक पडला तर भट्टी तपासा म्हणतात. आज त्यांनी माझ्यासाठी धोतराच्या सोग्यातून चार कैऱ्या आणल्या होत्या. कैरीपासून माझी सुटका नाही असं दिसतं.

२९ एप्रिल, मंगळवार

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच कबूल करते. गॅस बंद केला का बघायला मी स्टँडवरून घरी परत गेलेली आहे. तरीही.

दोन नंबरमध्ये मी रोज एक दिवस पुढे जाते. ऊन-वारा टाकते आणि किती ओल उडाली ते काढते. शिवाय प्रत्येक चौकोनात थोडा लहरीपणा टाकते, कारण खरी जमीन लहरी असते. तो लहरीपणा माझं यंत्र, म्हणजे संगणकच, फासे टाकल्यासारखा ठरवतं, मलाही आधी माहीत नसतो. काल दुपारी मी आजचे आकडे काढून ठेवले होते. आज नितेशची वही उघडली. सहज म्हणून शेजारी शेजारी ठेवलं.

चाळीसच्या चाळीस आकडे तेच. दशांशासकट.

आकडे नुसते जवळपास असते तर मी पेढे वाटले असते. तंतोतंत आहेत म्हणजे एकच अर्थ होतो. नितेश शेतात जात नाही. कुठेतरी सावलीला बसून माझ्या यंत्रातले आकडे वहीत उतरवतो. यंत्राला कुलूपशब्द नाही, तो माझ्याआधी येतो, सगळं जमतं. डब्यांमधली माती तरी चाळीस ठिकाणची आहे का, कोण जाणे. आणि नत्थुजींना हे माहीत असेल का, या विचारानं मला जास्त वाईट वाटलं.

२ मे, शुक्रवार

सापळा लावला. तेविसावी खूण उंचवट्यावर आहे, आसपास विहीर नाही, नाला नाही. दोन नंबरमध्ये त्या चौकोनात मी अठ्ठेचाळीस टक्के ओल लिहून ठेवली. म्हणजे निव्वळ चिखल. पंचेचाळीस डिग्रीत, जिथे जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. जो माणूस शेतात गेलाय तो हा आकडा लिहिणार नाही.

३ मे, शनिवार

लिहिला. तेवीस : ४८.०. शेजारी शेरा, चिखल.

मॅडमना फोन केला. माझा आवाज चढला होता बहुतेक. त्या शांतपणे म्हणाल्या की तक्रार लेखी दे, पण त्याआधी एकदा स्वतः जाऊन बघ. मला त्यांचाही राग आला.

५ मे, सोमवार

नितेशनं मला गाडीवर मागे बसवलं आणि शेतात नेलं. वहीबद्दल मी मॅडमना जे बोलले ते त्याच्या कानावर गेलं होतं आणि त्याला अपमान वाटला होता. त्याचे कान लाल झाले होते.

तेविसाव्या खुणेवर चिखल आहे. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद. चारी बाजूंना जमीन फाटलेली आणि मध्ये ही ओली काळी माती. कडा सुतानं आखल्यासारख्या सरळ, माझ्या चौकोनासारख्या.

मी टँकरची चाकं शोधली, पाइप शोधला. काहीच नाही. मग नत्थुजींनी बोटानं चिखल जिभेला लावला आणि बराच वेळ तोंड हलवत राहिले. हा खारपाणपट्टा. इथलं बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. ते म्हणाले, "हे पानी गोड हाय पोरी. आपल्या शिवारात गोड पानी कुठून आलं?"

नितेशची माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण माफ केलेलं नाही.

७ मे, बुधवार

भट्टीतून काढलेली माती तोलली. अठ्ठेचाळीस.

पाणी कोणीतरी आणून ओतलं असेल आणि माझा आकडा पाहून तेवढंच मोजून ओतलं असेल, हे मी स्वतःला तीन वेळा समजावलं. चौथ्यांदा समजावताना हसू आलं. पण मग कोण? यंत्रापर्यंत पोचणारे आम्ही दोघंच आणि घरमालक. मी कुलूपशब्द टाकला. जिन्याचं दारही लावून घ्यायला लागले.

खुशालराव मात्र खुशीत आहेत. त्यांना वाटतं खाली झरा लागला. तेवीस नंबर ओलाच राहू द्या, असं मला हसत म्हणाले. नत्थुजींना नाही, नितेशला नाही. मला.

१० मे, शनिवार

हे कोणालाही सांगितलेलं नाही.

परवा एकटीनं बसून सात नंबरच्या चौकोनात अठ्ठेचाळीस लिहिलं. काल सकाळी नितेशच्या आधी नत्थुजींबरोबर गेले. सात नंबरवर चिखल. घरी येऊन तोच चौकोन पुन्हा कोरडा केला. आज गेले तर तिथे वीतभर रुंद भेगा, भेगांमध्ये जुनी वाळकी काडी, कोळ्याचं जाळं. एका दिवसात कोळी एवढं जाळं विणत नाही.

 परतताना नत्थुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काहून भिऊन राहिली? जमीन हाय ते. आपल्याले खाते थोडीच." मला रडू आलं.

यंत्र बंद केलंय. तेवीस नंबरला हात लावलेला नाही, तो ओलाच आहे. खुशालराव दुपारी वर आले, संगणकाच्या बंद पडद्याकडे बघत उभे राहिले आणि पलीकडच्या दोन एकरांतही अशी ओल आणता येईल का असं विचारलं. मी म्हणाले की काका, ते माझ्या हातात कसं असेल? ते हसले. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं आणि त्यांना कळलंय हे मला कळलं.

१२ मे, सोमवार. अमरावती

बुद्धजयंतीला घरी. विहारात वंदनेला बसले होते, पण डोक्यात चाळीस खुणा. आईनं खीर वाढताना विचारलं की तिकडे कोणी त्रास देतं का. नाही म्हणाले. कोणाचं नाव घेणार होते?

१४ मे, बुधवार

परत आले तर तेवीस नंबरवर खड्डा.

खुशालरावांनी झऱ्यासाठी विहीर खणायला काढली आहे. परवानगी नाही, गावात बोभाटा नको, म्हणून माणसं दोनच. नत्थुजी आत खणतात आणि त्यांची बायको जमुनाबाई वरून दोरानं मातीचं टोपलं ओढते. सतरा फूट झालेत, बाजूंना आधार काही नाही. नितेश दहा तारखेपासून अकोल्यात आहे, त्याला पत्ताही नाही. मी नत्थुजींना वर या म्हणाले. ते खालून म्हणाले की अजून दोन दिवस, तळ गार लागून राहिला. खुशालरावांशी भांडले तर ते म्हणाले की तुमचं काम वरच्या मजल्यावर आहे, तेवढं बघा.

आज सकाळी, मी पोचायच्या आधी, ड्रोन उडवून शिवाराची नवी मोजणी झाली म्हणे. मॅडमना शेवटची चाचणी त्या मोजणीवर हवी आहे. उद्याच.

१५ मे, गुरुवार

क्रमानं लिहिते. चुकायला नको.

सकाळी मॅडमना नाही म्हणाले. कारण सांगता येईना. त्या म्हणाल्या, मग राजीनामा दे. राजीनामा दिला तर माझ्या जागी दुसरं कोणीतरी हेच यंत्र चालवणार, काहीही माहीत नसताना. म्हणून मीच करायचं ठरवलं आणि काळजी घेतली. काल मी स्वतः मोजून आणलेले चाळीस खरे आकडे, तेविसाव्याला खड्ड्याच्या वाळलेल्या काठाचा, जसेच्या तसे भरले. कुठेही थेंब वाढू नये, थेंब कमी होऊ नये. दोनदा तपासलं. नवी मोजणी टाकली आणि ११.२० ला चालू करून चहाला खाली गेले.

११.४० ला वर आले. पडद्यावर एक ओळ होती.

भरलेले खड्डे : १. खोली : ५.२ मीटर.

पाणी कुठून कुठे वाहील याचं गणित खड्डा असला की अडतं. म्हणून नवी मोजणी टाकली की आधी खड्डे भरून घ्यायचे. पहिल्या वर्षाला शिकवतात. ‘खड्डे भरा’ या सूचनेपुढची टिक आम्ही सगळे कायमची करून ठेवतो आणि विसरून जातो. माझं सगळं लक्ष पाण्यावर होतं. जमिनीकडे मी बघितलंच नाही.

काकूंची स्कूटी घेऊन गेले. जमुनाबाई बांधावरून भाकरीचं गाठोडं घेऊन येत होत्या, स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी भाकर आणायला त्या घरी गेल्या होत्या. आम्ही दोघी एकाच वेळी पोचलो.

खड्डा नाही. बाजूला टाकलेला मातीचा ढीग नाही. सपाट जमीन आणि तिच्यावर जुन्या भेगा. थोड्या अंतरावर नत्थुजींच्या चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या.

मी केलं हे. मी.

१६ मे, शुक्रवार

पोलीस आले. खुशालराव म्हणाले, "खड्डा खंदलाच नाई आमी." शांतपणे. तेच हसू. बिनपरवान्याची विहीर, आधार न देता माणूस आत उतरवलेला, त्यांना भीती वाटणारच. नत्थुजी घरातून निघून गेले असतील, म्हातारी भ्रमात आहे, असंही सांगितलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना मी विचारलं. त्या आत गेल्या.

पोलिसांनी जमीन बघितली, भेगा बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणे उन्हात फार फिरते. लेखी काही आहे का, विचारलं. खड्ड्याची नोंद मी यंत्रात शोधली. भरल्यानंतरचंच शिवार तिथे साठवलेलं होतं.

दुपारी गिरमिट घेऊन एकटी गेले. दोन मीटर खाली गेले. घट्ट, कोरडी, थर जागच्या जागी, चुनखडीचे खडे जसे असायला हवे तसे. ही माती कधी कोणी हलवलेली नाही.

जमुनाबाई तिथेच बसून आहेत. जमिनीला कान लावतात. म्हणाल्या, "थो खंदून राहिला." मी कान लावला नाही. धीर झाला नाही.

नितेश संध्याकाळी परत आला. तो माझ्याशी एकटा बोलायला तयार नाही.

१७ मे, शनिवार

ड्रोनची मूळ मोजणी मॅडमनी पाठवली. त्यात खड्डा आहे. तळाशी एक पांढरा ठिपका आहे. नत्थुजींचा फेटा.

पोलिसांना दाखवली. चित्र आहे, जमिनीवर कुठे आहे, असं म्हणाले.

नितेशला सगळं सांगितलं. पहिल्यापासून.  तो म्हणाला की तू माझ्यावर खोटेपणाचा आळ घेतलास, आता मी तुझ्यावर काय घेऊ? शेवटी मी म्हणाले, विश्वास ठेवू नको, फक्त उद्या माझ्याबरोबर राहा. ही मूळ मोजणी मी न भरता टाकणार. खड्डा परत येईल. आत कोण असेल ते —

जिन्यात खुशालराव होते. किती वेळ होते, माहीत नाही. त्यांनी हसून एवढंच विचारलं, "हे भरायचं म्हनता, ते कोनतं बटन दाबा लागते?"

नितेशनं चेष्टा समजून दाखवलं. मी त्याला अडवेपर्यंत दाखवून झालं होतं.

१८ मे, रविवार

नोंद नाही म्हणून पोलिसांनी हाकललं. आज वही बरोबर. प्रत्येक गोष्ट वेळेसह.

१२.०५. कायमची टिक काढून मूळ मोजणी टाकली. यंत्रानं विचारलं. खड्डा सापडला : १. भरायचा? हो, नाही. नाही दाबलं. प्रश्न पडद्याच्या कोपऱ्यात उघडाच राहतो, केव्हाही हो म्हणता येतं. बंद करावं तर जुनंच, भरलेलं शिवार उघडेल. नितेशला समोर बसवलं. उठू नको. कोणालाही हात लावू देऊ नको. हो म्हणाला. खरंच कळलंय का त्याला, की मला बरं वाटावं म्हणून —

१२.३५. खड्डा आहे. शिडी आहे, मातीचा ढीग आहे, टोपलं आहे. जमुनाबाई रडल्या नाहीत. दोर हातात घेतला.

आत कोणी नाही.

१२.५०. फोनवर पोलिसांना सांगितलं. येतो म्हणाले. हसल्याचं ऐकू आलं.

१.१०. मी उतरले. तळ ओला, पाणी घोट्याएवढं. कुदळ, तिचा दांडा तुटलेला. फेटा. पूर्वेच्या भिंतीत भोक आहे, आडवं, माणूस सरपटत जाईल एवढं. कुदळीनं सुरू केलंय आणि पुढे —

पुढे हातांनी. बोटांच्या रेघा आहेत. एकात नख अडकलेलं.

तीन दिवस. मातीच्या आत.

१.२५. भोकातून आवाज. खरवड, मग थांबा, मग खरवड. हाक मारली. खरवड थांबली. मग जोरात.

भोक आत ढासळलंय, मी हातानं उकरते. उजेड कमी. जमुनाबाईंना सांगितलं की जिवंत आहेत. त्या वरून नाव घेऊन हाका मारतायत. लग्नानंतर पहिल्यांदा घेत असतील.

१.३८. जमुनाबाई सांगतात, खुशालराव आले. काठावर उभे राहिले, खाली बघितलं, मला बघितलं. गाडीला किक मारून घराकडे गेले.

घर सात मिनिटं.

इथे रेंज नाही. फोन टोपल्यातून वर पाठवला. नितेशचा नंबर उघडून दिला, फक्त हिरवं बटन. वाजतंय, म्हणतात. उचलत नाही.

का उचलत नाही. मी त्याला उठू नको सांगितलं होतं — की तोही — नाही. नितेश नाही.

१.४२. हात.

गरम आहे. माझं मनगट धरलं. केवढं घट्ट. ओढते. कोपर आलं. खांदा अडकतोय.

वर जायचं तर हात सोडवावा लागेल. शिडी दोन पावलांवर आहे.

१.४४. फोन उचलला. जमुनाबाई ओरडून सांगतात — काकूंनी जेवायला खाली बोलावलं होतं, तो खाली होता, खुशालराव आत्ताच वर — नितेश जिन्यात आहे, पळतोय —

सोडत नाही. एकदा मी न बघता — या वेळी नाही सोडत. डावा हात त्यांच्या हातात, उजव्यानं लिहि

१.४५. डोकं आलं. डोळे उघडे. तोंडात माती. थुंकले. मला ओळखलं. त्यांना वाटतंय अजून तीच दुपार आहे. म्हणतात, पोरी, भाकर आली का

आली म्हणाले

जमुनाबाई दोर सोडतायत. दोर पुरत नाही. मघाशी पुरला होता

वर बघितलं. हो दाबलं त्यांनी, काठ आत सरकतायत. आभाळ मघाशी खाटेएवढं होतं. आता टोपल्याए